मोरिवलीहून परत आलेला बेड

कॅमेरा चालू होता. मी समोरच्या ताईंना विचारलं, "आता आबा कसे आहेत?"

त्यांच्या मागे टेम्पोतून एक हॉस्पिटल बेड उतरवला जात होता. त्यांनी एकदा बेडकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आबा नाय राहिले. म्हनून तर बेड आनला."

कर्णिक काका आतून आले. आवाज न चढवता म्हणाले, "कॅमेरा बंद कर." ताई त्याच टेम्पोत बसून निघून गेल्या. त्यांना साधं पाणीही कोणी विचारलं नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

मी अंबरनाथमधल्या एका छोट्या ऑफिसात काम करते. आम्ही प्रमोशनल व्हिडिओ बनवतो. केक शॉप, क्लासेस, डेंटल क्लिनिक, गणेश मंडळ, जे येईल ते. नितीनदादा हा आमचा बॉस. तो क्लायंटशी बोलतो, मी शूट आणि एडिट करते. ही वाटणी मला फार सोयीची आहे. अनोळखी माणसाशी आयत्या वेळी बोलायला मला जमत नाही, म्हणून मी प्रश्न आधीच फोनमध्ये लिहून ठेवते. मराठी नीट वाटावं म्हणून आईकडून तपासूनही घेते.

हा व्हिडिओ बदलापूरच्या एका रुग्णसाहित्य केंद्रासाठी होता. घरी आजारी माणूस असला की व्हीलचेअर, वॉकर, बेड लागतो. विकत घेणं परवडत नाही आणि नंतर ठेवायला जागा नसते. केंद्र या वस्तू वापरायला देतं, काम झालं की परत घेतं. कंपनीतून रिटायर झालेले कर्णिक काका आणि त्यांचे चार-पाच मित्र ते चालवतात. त्यांची खोली एका जुन्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होती. ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, महिनाअखेर खोली सोडायची होती. दुसरी जागा मिळाली नाही तर केंद्र बंद.

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या गोपाल अंकलचा एक गाळा रिकामा होता. त्यांची स्वतःची द्यायची तयारी होती, पण गाळा तिघा भावांचा. रविवारी भाऊ एकत्र बसणार होते.

"बेटा, मेरे को तो समझता है," अंकलनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "बड़ा भाई बोलता है, भंगार रखेंगे और कभी हटाएंगे नहीं. उसको दो मिनिट का दिखाने का है. रोना-धोना मत डालना, वो उठ के चला जाएगा."

आमच्या प्रत्येक व्हिडिओत एक टेस्टिमोनियल असतं. म्हणजे ज्याला फायदा झाला तो माणूस कॅमेऱ्यासमोर दोन चांगली वाक्यं बोलतो. जिममध्ये, क्लासमध्ये "आता कसं वाटतं?" हा प्रश्न हमखास चालतो. सोमवारी मी केंद्रात लाइट लावत असताना मोरिवलीहून तो टेम्पो आला. ताई सहज बोलत होत्या, बेड आबांसाठी नेला होता म्हणाल्या. मला वाटलं, मिळालं टेस्टिमोनियल. बेड परत आला म्हणजे माणूस बरा झाला, एवढाच हिशोब मी केला होता.

ताई गेल्यावर काकांनी मला खुर्ची दिली. मी ओरडा खायच्या तयारीत होते.

"इथे वस्तू परत आली की आम्ही माणसाची चौकशी करत नाही," ते म्हणाले. "बरा झालेला स्वतःच सांगतो. रिक्षातून उतरायच्या आत सांगतो, पेढे आणतो. जो सांगत नाही त्याला आम्ही पाणी देतो आणि फक्त वस्तूचं विचारतो. सगळे भाग आहेत ना, चाक फिरतंय ना. तेवढं बोलायला त्याला सोपं जातं."

"हे कुठे लिहिलेलं नाही, काका."

"लिहायचं कशाला? इथे दोन दिवस बसलं की कळतं."

ऑफिसात नितीनदादा म्हणाला, "अगं, टेस्टिमोनियल नसेल तर व्हिडिओत राहिलं काय? सामानाचे फोटो?"

"मी दोन दिवस तिथे बसू का?"

"कॅमेरा घेऊन?"

"कॅमेरा न घेता."

त्याने कपाळावर हात मारला, पण जा म्हणाला. दुसऱ्या कोणी त्या आठवड्यात मला दुसऱ्या शूटवर पाठवलं असतं.

मंगळवारी मी मोरिवलीचा बेड पुसायला मदत केली. जंतुनाशकाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग गादी उन्हात. काकांचे मित्र एकेक नट घट्ट करत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "याचं हँडल कुठाय?"

या बेडच्या पायथ्याशी एक लोखंडी हँडल लागतं. ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते. या जुन्या बेडचं हँडल काढता यायचं, आणि ते आलंच नव्हतं. एरवी "सगळे भाग आहेत ना?" या प्रश्नावर दारातच कळलं असतं. सोमवारी तो प्रश्न विचारायची वेळ मी येऊ दिली नव्हती. बुधवारी हाच बेड जांभूळ गावात एका पेशंटकडे जायचा होता, आणि दुसरा बेड शिल्लक नव्हता.

"तुम्ही ताईंना फोन कराल?" मी काकांना विचारलं.

"मी? सुतकातल्या घरी हँडल मागायला?" त्यांनी नंबर लिहिलेली वही माझ्यापुढे सरकवली. "तू कर."

मी पार्किंगच्या टोकाला गेले. काय बोलायचं ते फोनमध्ये लिहिलं. मग लक्षात आलं की त्याच फोनवरून बोलायचंय, वाचता येणार नाही.

"ताई, मी... सोमवारची. कॅमेरावाली."

"हां. बोल."

"सॉरी ताई. मी तसं विचारायला नको होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "हँडल राहिलंय ना?"

"हो."

"पोरं गरगर फिरवत बसायची, म्हनून काढून कपाटावर टाकलं होतं. उद्या आनते. तू असशील?"

मला नसायला आवडलं असतं. मी हो म्हणाले.

बुधवारी सकाळी त्या रिक्षाने आल्या. काकांनी पाणी दिलं. ताईंनी पिशवीतून हँडल काढलं, पण दिलं नाही. मांडीवर धरून बसल्या. मी काहीच विचारलं नाही. हे मात्र मला जमतं.

"आबांची खाट खिडकीला लावलेली," त्या आपणहून म्हणाल्या. "सकाळी चार फेरे दिले की त्यांना कंपनीचं गेट दिसायचं. जन्मभर तिथंच कामाला. कोन लेट आला ते मला सांगायचे. म्हनायचे, बघ, आजपन सायकलवाला पळतोय. पाचवा फेरा दिला की खोकला यायचा. चारच."

काकांनी रिकामा पेला उचलून ठेवला.

"तुझा कॅमेरा कुठाय?" ताईंनी विचारलं.

"ऑफिसात. पण फोन आहे."

"मंग घे. माझं तोंड नको. आनि आता ज्यांच्याकडं जाईल त्यांना सांगा, हँडल डावीकडं अडकतं, जोर नाय लावायचा."

मी फ्रेममध्ये फक्त त्यांचे हात आणि ते हँडल घेतलं. त्या हे सगळं पुन्हा बोलल्या, जरा वेगळ्या शब्दांत, आणि तेही चांगलंच होतं. निघण्याआधी बेड पुन्हा पुसून उन्हात ठेवला, तेही मी फोनवर घेतलं, आणि दुपारी टेम्पोबरोबर जांभूळला गेले. तिथल्या घरच्यांना विचारून बेड दारातून आत जाताना घेतला. एका मुलीने हँडल लावलं आणि सावकाश फिरवलं. तिचाही चेहरा मी घेतला नाही.

व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा झाला. बेड येतो, पुसला जातो, वाळतो, जातो. वर ताईंचा आवाज. म्युझिक मी घातलं आणि काढून टाकलं. नितीनदादाच्याही आधी ताईंना पाठवला आणि "ठेवू का?" असं विचारलं. अर्ध्या तासाने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "ठेव. आवाज बारीक येतोय, जरा मोठा कर." नितीनदादाने बघितला आणि एवढंच म्हणाला, "लोगो शेवटी तरी टाक."

रविवारी संध्याकाळी गोपाल अंकलचा फोन आला. मोठा भाऊ शेवटपर्यंत बसून होता. त्याने एकच प्रश्न विचारला होता आणि अंकलनी तो तसाच मला विचारला.

"वो बेड अभी किधर है?"

"जांभूळ में, अंकल."

"मतलब गया ना? पड़ा नहीं है ना?"

"बुधवार को ही गया."

त्यांनी फोन बाजूला धरून सिंधीत कोणाशी तरी दोन वाक्यं बोलून घेतली. मग म्हणाले, "कल चाबी ले जाओ. अभी साल भर के लिए."

कर्णिक काकांना मी लगेच फोन केला. टेम्पो किती वाजता बोलवू, एवढंच त्यांनी विचारलं.

त्या आठवड्याबद्दल मी अनेकांची आभारी आहे. काकांनी मला हाकलून दिलं नाही, खुर्ची दिली. नितीनदादाने दोन दिवस दिले. ताईंचे आभार मी समोर मानू शकले नाही, तेव्हा सुचलंच नाही. मेसेज केला, त्यावर त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

व्हिडिओत लोकांना जे आवडलं ते माझ्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रश्न मी अजून लिहून नेते. पण आधी अर्धा दिवस तिथली कामं करते, सांगतील ती. नितीनदादा म्हणतो की या पद्धतीने आमचं एका दिवसाचं शूट दीड दिवसाचं होतं. ते खरं आहे.