सुनंदाच्या हातात दिलेलं पुस्तक

सुनंदाबद्दल मी घरी कधी बोलत नाही. कुणी नाव काढलंच तर "वाचनालयातली एक मुलगी" एवढं म्हणते आणि उठून दुसऱ्या कामाला लागते. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, मैत्रिणींना नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा तुम्हीही कधीतरी कुणाला "हे वाच" म्हणून पुस्तक दिलं असेल, म्हणून.

मी स्वतःबद्दल बोलायला लागले की आधी माझी चांगली बाजू सांगते. आज तसं करायचं नाही असं ठरवलंय. तरी बघा — सुरुवात कुठून करू, तेच कळत नाही.

परभणीत आमच्या कॉलनीपासून जवळच एक छोटं वाचनालय होतं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. रविवारी सकाळी शैलाताई मोठ्यांची वर्तमानपत्रं बाजूला सारून आम्हा मुलांना सतरंजीवर बसवायच्या. त्या स्वतः तेव्हा कॉलेजात होत्या. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. आपण वाचलेलं पुस्तक आपणच निवडलेल्या एका मुलाला द्यायचं. टेबलावर ठेवायचं नाही, त्याच्या हातातच द्यायचं, आणि ते त्यालाच का, हे एका वाक्यात सांगायचं. पुढच्या रविवारी त्या मुलानं उभं राहून त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं. कुठलं पान, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. पुस्तकं बहुतेक इतिहासाची नाहीतर साहसाची — किल्ले, वेढे, भुयारं, समुद्रातल्या सफरी. बाकीच्या पुस्तकांकडे कुणी बघतही नसे. अट एकच होती. देणाऱ्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं पाहिजे.

मला ही पद्धत फार आवडायची. मला चारचौघांत बोलता येत नाही, तेव्हा तर अजिबात येत नव्हतं. इथे एक वाक्य बोललं की काम भागायचं. बाकीचं पुस्तकच बोलायचं.

पण मी इंग्रजी शाळेत जायचे. वडील कृषी विद्यापीठात होते, आणि मुलीनं इंग्रजीतूनच शिकायचं हे त्यांनी मी जन्मायच्या आधीच ठरवलं असावं. घरी आम्ही मराठीच बोलायचो. वाचायची वेळ आली की मात्र मी एकेक शब्द जुळवत जायचे. पहिल्यांदा मला उभं केलं तेव्हा 'शस्त्रास्त्रं' या शब्दापाशी मी इतका वेळ थांबले की मागून विलास म्हणाला, "मॅडम, पंक्चर झाली का गाडी? खाली दुकान हाय बघा." सगळे हसले. शैलाताईसुद्धा हसल्या, तोंडावर हात धरून. मीही हसले. काय करणार होते?

सुनंदा हसली नाही. पुढच्या रविवारी तिनं एक पुस्तक माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगितलं, "हिला समुद्र आवडतो." मी समुद्र पाहिलेलाही नव्हता. मग खाली बसताना माझ्या कानाशी म्हणाली, "अक्षरं मोठी हायत यातली. अन् धडे छोटे छोटे. तुला जमंल."

तेव्हापासून ती रविवारी लवकर यायची, मीही. वाचनालयाच्या जिन्यात बसून ती ओळीखाली बोट ठेवायची आणि मी वाचायचे. तिच्या नखाला कायम शाई लागलेली असायची. मी अडले तर ती शब्द सांगायची नाही, बोट थांबवून धरायची. मी तो शब्द ओलांडला की बोट पुढे सरकायचं. वर मुलं जमायला लागली की आम्ही वेगवेगळ्या जाऊन बसायचो. मी हळू वाचते हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तिनं ते कधीही कुणालाही सांगितलं नाही. हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

सुनंदा रेल्वे लाइनच्या पलीकडे राहायची. त्या बाजूला कोण राहतं हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं, मलाही होतं. तिचे वडील पोस्टात होते. ते लोक आधी सोनपेठकडच्या एका खेड्यात असत. विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यांदा भडकलं, तेव्हा त्यांचं घर जाळलं आणि ते परभणीला आले. हे मला मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून कळलं होतं. तिनं स्वतःहून एकदाच सांगितलं होतं, तेही वेगळंच काहीतरी बोलता बोलता. "दादाची समदी पुस्तकं गेली तिकडं. चित्रांचं एक माझं होतं." एवढंच. त्यानंतरच्या वर्षांतही मोर्चा निघाला की आमची शाळा लवकर सुटायची, आणि घरी येऊन मी खूश व्हायचे. दोन दिवस सुट्टी मिळाली तर आणखीच.

मी अजून मुद्द्यावर आले नाही. येते.

मला सुनंदाला पुस्तक द्यायचं होतं. तिनं मला इतकी दिली होती, मी तिला एकही दिलं नव्हतं — शेवटपर्यंत वाचून होतच नव्हतं ना काही. कपाटात एक लाल पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. वर एक मुलगा दोराला धरून कडा चढतोय असं चित्र. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते वाचायला मी अख्खा आठवडा लावला. तो मुलगा, त्याची म्हातारी आई, किल्ल्याला पडलेला वेढा. मला खरंच आवडलं होतं. पण रविवार उजाडला तेव्हा निम्मंसुद्धा झालं नव्हतं. पुढे काय असणार? मुलगा वर चढणार, निशाण लागणार. असल्या पुस्तकांत दुसरं काय असतं?

"शेवटपर्यंत वाचलंस?" शैलाताईंनी नेहमीसारखं विचारलं.

"हो."

हे पहिलं खोटं. ते लहान होतं असं मी पुष्कळ दिवस मानत आले. "सुनंदाला न घाबरणारी माणसं आवडतात," असं म्हणून मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते नेहमीसारखं आधी उघडून हुंगलं. "लय भारी दिसायलंय," ती म्हणाली. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी मी जिन्यात वाट पाहत बसले. ती आली नाही. वर सगळे जमल्यावर आली, आणि माझ्या बाजूला न बघता थेट पुढे जाऊन उभी राहिली. पुस्तक उघडलं ते शेवटाकडे, पान न शोधता.

ती फार सुंदर वाचायची. त्या दिवशीही तशीच वाचली. किल्ला पडतो तो एका माणसामुळे. दारावरचा पहारेकरी शत्रूकडून थैली घेतो आणि रात्री अडसर काढतो. पुस्तकात त्या पहारेकऱ्याची जात लिहिली होती. सुनंदाच्या घरच्यांनी धर्म बदलण्याआधी त्यांना ज्या नावानं हाक मारत, तेच नाव. आणि त्याच्या खाली त्या जातीच्या इमानाबद्दल लेखकाचं एक वाक्य होतं. सुनंदानं ते वाक्यही वाचलं, भरभर नाही आणि रेंगाळतही नाही. खालून सायकलच्या चाकाला हवा भरण्याचा आवाज येत होता, तो मला अजून ऐकू येतो.

कुणीतरी फिसकन हसलं. शैलाताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पुरे. बस आता."

ती बसली, पण तिच्या जागेवर नाही. माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. हळू आवाजात म्हणाली, "हे वाचलं होतंस तू?"

मी सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायला लागले.

"निम्मंच झालं असंल ना तुझं? सांग की."

तुम्हाला वाटेल, मी गोंधळले. बारा वर्षांची पोर, अचानक काय बोलणार? — नाही. मला सगळं कळलं होतं. ती माझ्याकडे काय मागत होती ते कळलं होतं. उत्तरही तिनंच हातात आणून दिलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. पण विलास मागेच बसला होता, पुढे झुकून, कान देऊन. मान हलवली असती तर त्याला कळलं असतं की मी अजून तशीच अडखळते, आणि पुस्तक न वाचता देते. पुन्हा पंक्चर. पुन्हा सगळे हसणार. माझ्याकडे दोनच वाटा होत्या. सगळ्यांनी मला कच्ची समजावं, किंवा सुनंदानं मला दुष्ट समजावं.

मी विलासला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळं वाचलंय मी. शेवटपर्यंत."

सुनंदा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. एखादा शब्द नीट लागत नसेल तर आपण त्याच्याकडे कसं बघतो, तसं. मग म्हणाली, "मग ठीक हाय." तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं नाही. पद्धतीप्रमाणे माझ्या हातात दिलं आणि जिना उतरून गेली.

ती परत आली नाही. शाळेच्या रस्त्यावर विलास आणि त्याची दोस्त मंडळी तिला बघून ओरडायची, "ए, दार उघड! दार उघड की!" ती सरळ चालत राहायची, दप्तर छातीशी धरून. मी त्यांच्यात ओरडले नाही. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. ओरडले नाही याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता, हेही सांगून टाकते. शैलाताईंनी एकदा विचारलं, "सुनंदा का येत नाही गं? तुझी मैत्रीण ना?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्या खेड्यात तिची पुस्तकं जळाली होती, आणि परभणीत तिला पुस्तकं मिळायची ती एवढ्या एकाच जागी. हे त्या सतरंजीवर बसणाऱ्यांपैकी फक्त मला माहीत होतं.

मी तिथे जात राहिले. माझं वाचन सुधारलं. पुढे पुढे शैलाताई नव्या मुलांना सांगायच्या, हिला विचारा कुठलं पुस्तक घ्यायचं ते, हिची निवड चुकत नाही.

कॉलेजात गेल्यावर मी ते लाल पुस्तक घरी आणून वाचलं. एका दुपारीत संपलं. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. तोवर मी स्वतःला समजावत आले होते की ते पान तिनंच निवडलं, तिला दुसरं वाचता आलं असतं — कडा चढतानाचं, निशाणाचं — कुणालाच काही कळलं नसतं. म्हणजे थोडी चूक तिचीही. पण घरी पुस्तक वाचून झालेलं असताना, पुढे काय लिहिलंय ते माहीत असताना, एखादी मुलगी तेच पान सगळ्यांपुढे उभी राहून का वाचेल? ती बाकीच्यांसाठी वाचतच नव्हती. ती मला विचारत होती. आणि मी उत्तर दिलं.

यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. त्यानंतर काही दिवसांनी परभणीच्या एसटी स्टँडवर ती दिसली. तिनंच आधी ओळखलं. "अगं, तूच ना? केवढी बदललीस!" ती आता चारठाण्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. बरोबर शाळेतल्या दोन मुली होत्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुस्तकं. नखाला अजून शाई. ती मोकळेपणानं बोलत होती, घरच्यांची चौकशी करत होती. "अजून वाचतीस का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "वाचते." एवढ्यात त्यातल्या एका मुलीनं पिशवीतून एक पुस्तक ओढून काढलं. "बाई, हे मी नेऊ का?"

"थांब गं. माझंच वाचून व्हायचंय अजून," सुनंदा तिला म्हणाली आणि पुस्तक परत पिशवीत ठेवलं. "झालं की देते."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. काही सुचवायचं म्हणून ती तसं बोललीच नव्हती. तिची ती सवयच असावी. त्यांची जिंतूरची गाडी लागायला अजून वेळ होता. स्टँडवर फारशी माणसंही नव्हती. विलास तर नव्हताच.

मी म्हणाले, "गर्दी असते ना या गाडीला? जागा मिळेल ना तुम्हाला?"

"मिळंल की," ती म्हणाली.

गाडी आली, मुलींना आधी चढवून ती चढली, खिडकीतून हात केला. मीही केला.

"मी शेवट वाचला नव्हता." चार शब्द आहेत. त्या वयातसुद्धा मी ते कुठेही न अडखळता म्हणू शकले असते.