वाळवंटातल्या कॅमेऱ्यात बर्फाचे तीन फोटो

अठरा वर्षं मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हा तिथला नियम. भुताखेतांच्या, चमत्कारांच्या बातम्या आल्या की मी त्या थेट टोपलीत टाकायचो. सहकारी मला त्यावरून चिडवायचे. आज मीच असं काहीतरी लिहायला बसलोय, ज्याला जेमतेम एकाच ठिकाणाहून दुजोरा आहे… तोही ऐकीव.

आम्ही कुवेतमध्ये फहाहीलला राहतो. मी आणि माझी पत्नी वर्षा. मीना अब्दुल्लाच्या औद्योगिक भागात एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात मी नोकरी करतो. आमची एकुलती एक मुलगी मुक्ता इथेच वाढली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. लहानपणी प्रत्येक हिवाळ्यात तिला वाळवंटात न्यावं लागे. थंडीत घोरपडीसारखे ते जाडे सरडे बिळाचं तोंड बंद करून आत पडून राहतात, ती बिळं ती मोजायची. पुढे प्राणीशास्त्र शिकली आणि हिमाचलातल्या एका गावी जाऊन राहिली. बर्फ पडल्यावर जंगलातले प्राणी आसरा कुठे घेतात, हा तिचा अभ्यासाचा विषय.

फोनवर ती मला समजावून सांगायची. तिकडे रई नावाचं एक सूचिपर्णी झाड असतं. बर्फाच्या वजनाने त्याच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकतात आणि आत खोलीसारखी जागा तयार होते. तिथे बर्फ कमी, वारा नाही. घोरल नावाच्या रानबकऱ्या, कोल्हे, मोनाल पक्षी, सगळे तिथे येतात. कस्तुरीमृग रोज त्याच जागी बसतो, त्याच्या अंगाच्या उबेने तिथला बर्फ वितळून खोलगट होतो. दोन हिवाळ्यांत तिला अशी बिछान्याची जागा कितीतरी वेळा सापडली. प्राणी एकदाही दिसला नाही. माणसाचा वास आला की तो पळतो.

ती झाडांना कॅमेरे बांधायची. समोर काही हललं की फोटो निघतो आणि खालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान छापलं जातं. या कॅमेऱ्यांची घड्याळं तिने कुवेतच्या वेळेवर लावली होती – भारतापेक्षा अडीच तास मागे. तिचे सर त्यावरून रागावले होते म्हणे. तिचं म्हणणं, “आई आत्ता काय करत असेल, ते मला लगेच कळतं.” हे वाक्य मात्र ती मराठीत बोलली होती.

गेल्याच्या गेल्या जानेवारीत ती एक कॅमेरा बसवायला एकटीच वर गेली. दुपारनंतर बर्फ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वाटाडे देवीसिंग यांना ती एका रईच्या झाडाखाली सापडली. जनावरं जिथे जातात तिथेच ती गेली होती. कॅमेरा पाठीवरच्या पिशवीतच होता, सेल न घातलेला.

वर्षाने मला एकच गोष्ट विचारली. तिला किती वेळ लागला?

मी म्हणालो, डॉक्टर म्हणाले, झोपेतच, लगेच.

डॉक्टरांना मी काहीही विचारलं नव्हतं. आयुष्यात न तपासता दिलेली ती माझी पहिली बातमी.

वर्षभर तो कॅमेरा कपाटात होता. गेल्या जानेवारीत वर्षा म्हणाली की तो वाळवंटात लावू या, मुक्ताला लावायचाच होता. आमचे स्नेही इब्राहिमभाई मूळचे रत्नागिरीकडचे, फहाहीलच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. त्यांच्या कफिलचा, म्हणजे ज्यांच्या नावावर परवाना आहे त्या कुवेती गृहस्थांचा, हिवाळ्यात दक्षिणेकडे तंबू असतो. तिथे बोरीसारखं एक सिद्रचं झाड आहे. एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिघांनी कॅमेरा त्या झाडाला बांधला. नवं कार्ड माझ्या हाताने पाकीट फोडून घातलं. नवे सेल घातले. बंद पडलेलं घड्याळ मोबाइल बघून लावलं. एक चाचणी फोटो काढला – वाळू, इब्राहिमभाईंचे बूट, तापमान सात.

आठ दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, इब्राहिमभाई कॅमेरा घेऊन घरी आले.

“भाभी, फोटोत आमच्या कफिलच्या बकऱ्याच निघायच्या,” ते म्हणाले. “सगल्यांचे पासपोर्ट साइज काढून ठेवलान असतील यानं.”

वर्षा हसली. बऱ्याच महिन्यांनी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बघायला लागलो. बकऱ्या होत्याच. एक मांजर. एकेचाळीस नंबरला कोल्हा, झाडाच्या बुंध्याशी शेपटीत नाक खुपसून झोपलेला. वर्षा म्हणाली, बघा, हासुद्धा तसाच आसरा घेतो.

मग बेचाळीस नंबर.

वाकलेल्या फांद्या. त्यांच्यावर बर्फ. आत अंधारी जागा आणि तिथे दोन बूट, गुडघ्यापर्यंत पाय. पट्टीवर तारीख मुक्ता गेली त्या दिवसाची. वेळ दुपारी तीन चाळीस. तापमान उणे चार.

त्रेचाळीस. तीच जागा. वेळ रात्री सव्वा आठ – तिकडचे पावणेअकरा. उणे नऊ. पायांना चिकटून एक जनावर बसलेलं. लांब कान, वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन बारीक सुळे. कस्तुरीमृग. शेजारी बर्फावर हातमोजा घातलेला हात.

चव्वेचाळीस. पहाटेचे तीन बावन्न. उणे अकरा. जनावर तिथेच होतं, पाठीवर बर्फाचा थर. हात त्याच्या मानेवर होता. हातमोजा काढलेला.

पंचेचाळीसला पुन्हा वाळू, पुन्हा बकरी.

इब्राहिमभाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि ते उठून बाल्कनीत गेले. वर्षाने मागे जाऊन तिन्ही फोटो परत पाहिले. वेळ वाचली. बोटांवर अडीच तास मिळवले.

“हात हललाय,” ती म्हणाली. “सव्वा आठनंतर हात हललाय.”

ती माझ्याकडे वळली.

“डॉक्टर लगेच म्हणाले होते.”

मी सांगितलं की डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं.

तिने शेवटचा फोटो पुन्हा लावला. पुढे जे बोलली ते माझ्याकडे न बघता. “लगेच गेली असती तर एकटी गेली असती.”

मग ती रडली. वर्षभरात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला जवळ जाता आलं नाही, कारण तिने हाताने थांब म्हणून सांगितलं.

आता जे तपासलं ते लिहितो. कॅमेऱ्याला स्वतःची मेमरी नाही. कार्ड नवं होतं. तिचे इतर कॅमेरे त्या झाडापासून बरेच लांब होते, त्यांचे सगळे फोटो विद्यापीठाकडे आहेत, त्यांत हे नाहीत. इथल्या एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याने फाइल तपासून सांगितलं की फोटो याच कॅमेऱ्याने काढलेत, त्यात फेरफार नाही. तारीख मागची कशी, हे त्याला सांगता आलं नाही.

देवीसिंगना मी फोन केला. फोटोंबद्दल काही न सांगता विचारलं, की मुक्ता सापडली तेव्हा आजूबाजूला काय होतं.

“साहब, बिटिया के बगल में बर्फ़ पिघला हुआ था,” ते म्हणाले. “मैंने हाथ लगाया था। जगह गरम थी। बोलता तो आप समझते, पहाड़ी आदमी कहानी बना रहा है।”

मी तसंच समजलो असतो.

ही सगळी तपासणी मी वर्षाला सांगितली. ती भाजी निवडत होती. मी म्हणालो, आणखी एक-दोन जाणकारांना विचारून बघतो, काहीतरी कारण निघेल.

“बघा,” ती म्हणाली. “पण खरंच कळलं तर सांगा. नाही कळलं तर कळलं नाही म्हणा. आता मधलं काही नको.”

त्याला आता काही महिने झाले. मधून मधून ती विचारते. मी सांगतो, कळलेलं नाही.