कृषी केंद्राची वरची फळी

त्या वर्षांत अकोल्याच्या आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात शेतकरी आत्महत्येची बातमी जवळपास रोज येई. गाव, वय, जमीन किती, मागे कोण. चार ओळी. अशा पुष्कळ चार ओळी लिहिल्यावर मी एक लेख लिहिला. कृषी केंद्रांनी फवारणीची औषधं गिऱ्हाइकाच्या हाताशी ठेवू नयेत, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवावीत. शिडी लावून उतरवेपर्यंत समोरच्या माणसाकडे नीट पाहता येतं, त्याच्याशी बोलता येतं, असं त्यात म्हटलं होतं.

लेखाला फोटो हवा होता. हिवरखेडच्या बाजारात ओळखीचं एक कृषी केंद्र होतं. मालकांना सगळे चाचा म्हणत. दुकानात त्यांच्या पत्नीही बसत. मी गेलो तेव्हा बाटल्या तळाच्या फळीवर होत्या.

"वर ठेवा," मी म्हणालो.

"काच आहे भाऊ. वरतं वजन झालं का रॅक हालते."

"फोटोत दिसलं पाहिजे, चाचा."

"यायचं काय जाते," चाची म्हणाल्या. "फोटो काढतीन अन् चालले जातीन. शिडीवर तं मलेच चढा लागन."

चाचा हसले. बाटल्या वर गेल्या. लेखाचं कौतुक झालं. तालुक्यातल्या बऱ्याच दुकानांनी तसंच केलं. चाचांनी कात्रण फ्रेम करून रॅकशेजारी टांगलं.

पुढे दोनेक वर्षांनी मेळघाटाच्या बाजूला जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येऊ लागले, हलके धक्के बसू लागले. लोक अंगणात झोपत. प्रशासनाने दुकानदारांसाठी सूचनांचं पत्रक काढलं आणि बातमी करायला ते माझ्या टेबलावर आलं. दारापर्यंतची वाट मालाने अडवू नका. काचेच्या कपाटापासून दूर राहा. धक्का बसला तर काउंटरखाली बसा, डोकं झाका, गिऱ्हाइकांना धावू देऊ नका. विजेचं मुख्य बटण कुठे आहे ते दुकानातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. शेवटची सूचना अशी होती: रॅक भिंतीला पक्के आवळा, जड आणि काचेचा माल, विशेषतः कीटकनाशकं, तळाशी कुलूपबंद कपाटात ठेवा.

कुलूप. लेख लिहिताना मला ते सुचलं नव्हतं.

ती सूचना मी दोनदा वाचली आणि काढून टाकली. त्या दिवशी पानावर जागा कमी होती, हे खरं आहे. तेवढ्या ओळी दुसरीकडूनही कापता आल्या असत्या, हेही खरं आहे. पण ती छापली असती तर माझाच लेख चुकीचा ठरला असता.

एका दुपारी हिवरखेडलाही धक्का जाणवला. घरातली भांडी वाजली, इतकाच. दुकानात चाचा, चाची आणि दोन गिऱ्हाइकं होती. चाचींनी गिऱ्हाइकांना दारातच थांबवलं. चाचा काउंटरखाली बसले. दोघांनीही बातमीत होतं तसंच केलं. भिंतीला न आवळलेलं रॅक पुढे झुकलं आणि वरच्या फळीवरच्या बाटल्या काउंटरच्या मागे फुटल्या. औषध चाचांच्या तोंडावर उडालं. अकोल्याला नेलं. उजवा डोळा वाचला. डाव्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

महिन्याभराने मी दुकानात गेलो. उरलेल्या बाटल्या वरच होत्या.

"सांगा भाऊ, आता काय करू या बाटल्यायचं?" चाचांनी विचारलं.

"खाली ठेवा. कपाटाला कुलूप लावा. रॅक भिंतीला आवळून घ्या."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. "तवा होतं का हे तुमच्या पेपरात? म्या यायले अख्खी बातमी वाचून दाखोली होती. मले तं आठवत नाही."

"नव्हतं," मी म्हणालो. वाक्य अचूक होतं.

"त्यायले काहून विचारून राहिली?" चाचा म्हणाले. "सरकारनं जे देलं ते त्यायनं छापलं. सरकारलेच सुचलं नसन."

चाची शिडीवर चढल्या. मी शिडी धरली. त्या एकेक बाटली खाली देत होत्या, मी ती घेऊन चाचांच्या हातात देत होतो. चाचा प्रत्येक बाटली चाचपून, मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने बघत तळाशी ठेवत होते. रॅक रिकामं झाल्यावर चाचींनी खिळ्यावरची माझ्या लेखाची फ्रेम पदराने पुसली आणि पुन्हा तिथेच लावली.