आवाज उतरवून घेतो म्हणालो

आमच्या आप्पांना शक यायला कारण लागायचं न्हाई. दूध पातळ आलं की गवळ्यावर शक. घट्ट आलं तर "आज ह्याचं काय काम अडलंय" म्हणून पुन्हा गवळ्यावरच शक. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मानवतला आमची दोन्ही घरं एका भिंतीला टेकलेली, मधी एक दार, आन् त्या दाराला दोन्हीकडून कडी. आमच्याकडची कडी कधी लागायची न्हाई. त्यांच्याकडची काकूनं काढली तरच निघायची.

तसं त्या वर्षांत गावातच कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं. नामांतराचा विषय निघाला की माणसं आधी आजूबाजूला बघायची, मंग पावसापाण्याचं बोलायची. पण आप्पा त्याच्या आधीपासनंच तसे होते. त्यांची शाळा निजामाच्या टायमाला उर्दूत झालेली. त्यामुळं ते शिव्या मराठीत द्यायचे आन् शक उर्दूत घ्यायचे. "तुझी नीयत साफ दिसत न्हाई," हे मी लहानपणापासनं 'बस, जेव' सारखं ऐकलंय.

त्यांच्याकडं एक रेकॉर्ड होती. तशा बऱ्याच होत्या, पण नुसतं 'रेकॉर्ड' म्हटलं की हीच. तिच्यात माझ्या आज्याचा आवाज होता. आज्याला मी बघितलेलं न्हाई, मी व्हायच्या आधीच तो गेला. शिवाची भजनं म्हणायचा. कधीतरी हैद्राबादला कंपनीची माणसं मशीन घेऊन आली, तवा कुणीतरी ह्याला म्होरं ढकलला आन् एक भजन भरून घेतलं. लाखेची जाड, काळी तबकडी, मधल्या गोल कागदावर उर्दूत नाव. ते नाव घरात फक्त आप्पांना वाचता यायचं, म्हणून ते दर वेळी मोठ्यानं वाचायचे आन् मंगच सुई टेकवायचे. वर्षातनं एकदा, आज्याच्या पुण्यतिथीला. शेतातल्या समाधीवर बेल वाहून झाला, खीर खाऊन झाली, की ओसरीत पाव्हण्यांच्या म्होरं रेकॉर्ड लागायची. एरवी ती ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळलेली.

आता माझं ऐका. मला नकला यायच्या. सोनपेठच्या गाडीचा कंडक्टर, मोंढ्यात कापसाची बोली लावत हर्राशी पुकारणारा, आमचे इंग्रजीचे सर. कॉलेजात नाव घालून बसलो होतो, पण धंदा हाच. आज्याची बी करायचो. नुसत्या आज्याची न्हाई, रेकॉर्डची. आधी सुईची खर्रर्र, मंग पेटी, मंग तो बारीक, नाकातनं येणारा आवाज. दुसऱ्या कडव्यात चरा पडला होता, तिथं सुई अडकून 'शिवा, शिवा, शिवा' करायची आन् आप्पा रेकॉर्ड वाजवायच्या डब्याला टिचकी मारायचे. ती टिचकी बी मी मारायचो. एकदा न्हाणीत बसून हे सगळं केलं. आप्पा मोंढ्यातनं आत्ताच आलेले, ते तसेच ट्रंकेकडं पळाले. कुलूप जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी ट्रंकेला दुसरं कुलूप लागलं.

तो चरा वर्षागणिक वाढायला लागला. अशात एका साली आमच्या घरी टू-इन-वन आला, रेडिओ आन् टेप एकात. मी आप्पांकडं गेलो.

"आप्पा, आज्याचा आवाज कॅसेटवर उतरवून घेऊ."

"उतरवून?"

"हां. रेकॉर्डवरनं कॅसेटवर."

"मंग रेकॉर्डवर काय ऱ्हाईल?"

"रेकॉर्डवर हाय तसाच ऱ्हातो की."

आप्पांनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे शक पक्का. "चुलीवरनं भगुणं उतरवलं तर चुलीवर ऱ्हातंय का भगुणं?"

"आप्पा, तसं न्हाई—"

"घोड्यावरनं नवरदेव उतरवला. मंग? घोड्यावर बी नवरदेव आन् मांडवात बी नवरदेव?"

आतनं काकू हसली. "आवो, पोरं पुस्तकातलं वहीत उतरवून घेत्यात. पुस्तक कोरं होतंय का?"

"तू गप. तू त्याच्याच पार्टीतली."

मी शंभरदा सांगितलं की चुकलं, उतरवून न्हाई, भरून घेतो म्हणायचं होतं. ते म्हणले, "भरायचं म्हणजे तर कुठनंतरी काढावंच लागंल." ह्या माणसाशी कोण बोलणार! पण त्या चऱ्याची भीती त्यांना बी होती. बरेच दिवस त्यांनी तो विषय तोंडात घोळवला, आन् एका सकाळी अटी घेऊन आले. रेकॉर्डला हात फक्त ते लावणार. दार बंद. काकूनं स्टो बंद ठेवायचा. आन् मी तोंडात पाणी धरून बसायचं.

"पाणी कशाला?"

"तुझं तोंड मोकळं असलं की त्यातनं कोण बोललं, सांगता येत न्हाई."

एका यंत्रातनं दुसऱ्यात न्यायला आमच्याकडं वायर नव्हती. रेकॉर्ड वाजवायचा डबा लायटीवर चालायचा. त्याच्या तोंडाशी मी टू-इन-वन ठेवला, तो सेलवर. म्हणजे एक बोलणार आन् दुसरा ऐकणार, इतकं साधं. आप्पांनी नाव वाचलं, सुई टेकवली. मी गाल फुगवून लाल बटण दाबलं. पेटी सुरू झाली न्हाई तोवर बाहेरनं हाळी आली, "आप्पाऽ, तुमच्या कापसाची गाडी वजनकाट्याला लागली, चला!"

आप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी फुगलेले गाल बोटानं दाखवले. हाळी पुन्हा आली, तवा कुठं त्यांची खात्री पटली की हा मी न्हाई. गेले, पण दारातनं मागं बघत बघत गेले.

आमच्या गल्लीच्या मागंच कापसातली सरकी काढायचं जिनिंग. सीझनमधी ते सुरू झालं की घराघरातले बल्ब पिवळे पडायचे आन् पंखे दमून फिरायचे. आप्पांची पाठ वळली आन् जिनिंग सुरू झालं. बल्ब पिवळा झाला. तबकडी दमली. आन् माझ्या डोळ्यादेखत आज्याचा आवाज खाली खाली गेला. बारीक आवाजाचा भरदार, जाड आवाज झाला, सावकाश, विहिरीतनं आल्यासारखा. थांबवावं तर रेकॉर्डला हात लावायची बंदी. बोलावं तर तोंडात पाणी. चऱ्यापाशी सुई अडकली तवा डब्याला टिचकी तेवढी मारली. भजन संपलं, बटण बंद केलं, पाणी गिळलं.

आप्पा आले. मी कॅसेट लावली. पहिल्याच ओळीला त्यांनी चष्मा काढला.

"पाणी कुठंय?"

"गिळलं."

"कवा?"

"भजन संपल्यावर."

"का आधी?"

"आप्पा, लाईट कमी झाली म्हणून आवाज—"

"हा माझा बा न्हाई. हा तू हाईस."

तेवढ्यात जिनिंगचा जेवणाचा भोंगा झाला. मशीन बंद, बल्ब पांढरा. आप्पांनी रेकॉर्ड लावली. आज्या आपला नेहमीसारखा बारीक, चपळ, नाकातनं. "हा बा. आन् हा कोण?" पुन्हा कॅसेट. पुन्हा रेकॉर्ड. उतरवल्यामुळं आवाज कमी झाला का, हे बी तपासायचं होतं, म्हणून आणखी एकदा रेकॉर्ड. काकू म्हणली, "आवो, झिजंल ती." तर, "तुला का घाई?" शेवटी मी म्हणलो, आप्पा, जिनिंग सुरू होऊ द्या, मंग तुमी स्वतः लावून बघा. मी म्हणलो म्हणजे त्यात कायतरी डाव असणारच. त्यांनी फिरती रेकॉर्डच डब्यावरनं उचलली. तिची कड हाताला लागली, हात मागं आला आन् रेकॉर्ड फरशीवर पडली. आवाज बी मोठा झाला न्हाई. मातीची ताटली फुटल्यासारखे दोन तुकडे.

आप्पा खाली बसले, दोन्ही तुकडे मांडीवर जुळवले आन् सवयीनं नाव वाचायला लागले. भेग नावातनंच गेली होती. आर्धं वाचून थांबले.

मला वाटलं, आता तरी कॅसेटीवर जीव लावतील. कारण आता बा होता तो तेवढ्यातच. पण तिथंच तर घोडं अडलं. त्यांनी कॅसेट ट्रंकेत टाकली, दोन्ही कुलपं लावली आन् ऐकायचं नावच सोडलं. मला आधी राग आला. मंग हळूहळू कळलं. ऐकली आन् त्यात मी निघालो, तर त्यांचा बा कायमचाच गेला. न ऐकता ठेवली तर निदान आर्धा तरी हाय.

मी पुरावा बी दिला. जिनिंग चालू असताना त्यांची दुसरी एक रेकॉर्ड लावून दाखवली. त्या रेकॉर्डीतली बाई बाप्यासारखी गायला लागली. म्हणलं, बघा! आप्पा म्हणले, "ही बी बिघडवलीस."

मंग पुण्यतिथी आली. चारठाण्याचे, सोनपेठचे पाव्हणे आले. समाधीवरनं येऊन, कपाळाला विभूती लावून सगळे ओसरीत टेकले आन् रेकॉर्डची वाट बघायला लागले. फुटली हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. आता ऐकल्याशिवाय भागणार नव्हतं. आप्पांनी सगळ्यांसमोर टू-इन-वन ठेवला, कॅसेट ठेवली, आन् मला हाक मारली.

"आधी ह्यानं म्हणायचं. ह्याच्या आज्याच्या आवाजात. मंग कॅसेट लावायची. दोन्ही एकच हाईत का, तुमी ठरवा."

ओसरी खूश झाली. माझ्या नकला सगळ्यांना ठाऊक. एक म्हातारा चारठाण्याचा, आज्याच्या संगं टाळ धरून बसलेला, कानाला हात लावून म्होरं सरकला. माझे दोस्त दारात, "दाखव रं ह्यांना!"

खरं सांगतो, घसा शिवशिवत होता. आज्या मला असा यायचा की खुद्द आज्यानं वळून बघावं. आन् एवढी मंडळी कुठं मिळणार? पण मी आप्पांकडं बघितलं. चष्मा घातलेला होता. मांडीवर दोन्ही हात, आन् एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातानं दाबून धरलेला. मी चांगला म्हणलो, तर कॅसेटीत बी हाच म्हणतील, आन् त्यांचा बा सगळ्यांच्या देखत मरणार. वाईट म्हणलो, तर मी.

मी तो सोनपेठच्या गाडीचा कंडक्टर आठवला. त्याला सर्दी करवली. वरनं हर्राशीचा हेल लावला आन् आज्याचं भजन म्हणायला लागलो. पहिल्या ओळीतच श्वास संपवला. 'शिवा' अशा जागी तोडला की जसं तिकीट फाडलं.

ओसरी हसून फुटली. म्हातारा म्हणला, "आरं, तुझा आज्या बेल वाहायचा, तू बैल हाकायलास!"

"नीट म्हण," आप्पा म्हणले.

"नीटच म्हणायलोय की."

"पुन्हा एकदा."

पुन्हा एकदा आणखी वाईट म्हणलो. वाईट म्हणणं सोपं नसतंय. जरा जास्ती वाईट झालं की मुद्दाम केलेलं कळतंय. जिथं माणूस मनापासनं चुकंल, तिथंच चुकावं लागतंय. दोस्त दारातनं गायब झाले. त्यातला एक नंतर आठवडाभर म्हणला, "काय रं, खुळखुळ्यागत वाजत होतास."

आप्पांनी कॅसेट लावली. आधी कापसाच्या गाडीची हाळी आली, मंग पेटी, मंग तो जाड, सावकाश आवाज. हसणं थांबलं. पहिलं कडवं झालं तवा तो चारठाण्याचा म्हातारा हळूच म्हणला, "हां. हाच. घरी बसल्यावर असाच म्हणायचा. त्या रेकॉर्डीत त्याचा आवाज पोरीसारखा का यायचा, मला कधी कळलंच न्हाई बघा."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं. मंग कुणाकडंच न्हाई. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली, कॅसेटमधनं माझी टिचकी ऐकू आली. ते तोंडावर पंचा घेऊन बसून राहिले.

तो म्हातारा खरं बोलला, का आप्पांची समजूत काढली? मला आजून शक हाय. आमच्या घरातलं रक्तच तसं असंल. काकूला मात्र शक नव्हता. पाव्हणे उठल्यावर तिनं माझ्या ताटात खीर वाढली आन् म्हणली, "ताप आला तवा बी तू येवढं वाईट म्हणत न्हाईस."

"घसा बसलाय, काकू."

"खा. आजून बसू दे."

तिन्हीसांजेला आप्पा आमच्या घरात आले. मधल्या दारातनं, आपल्या हातानं कडी काढून. हातात कॅसेट.

"बाजारात एक जण म्हणत होता, हिच्या मागं दोन खुंट्या असत्यात. त्या मोडल्या की हिच्यावर दुसरं काय भरता येत न्हाई. खरं हाय?"

"खरं हाय."

"मोड."

मी चावीच्या टोकानं दोन्ही खुंट्या मोडल्या. टिक, टिक. त्यांनी कॅसेट दिव्याकडं धरून भोकं बघितली, बोट घालून बघितलं.

"आता तुला ह्यात घुसता येणार न्हाई."

"न्हाई येणार, आप्पा."

मंग ते वाकले, फरशीवरचे खुंट्यांचे दोन्ही बारके तुकडे शोधून उचलले आन् बंडीच्या खिशात टाकले. मी पुन्हा चिटकवीन म्हणून.