आबांचं आर्ग्युमेंट आज संपणार का?

एकोणीसशे तीसच्या सुमारास रत्नागिरी कोर्टाच्या बाररूममध्ये आम्हा नव्या वकिलांकडे कामं कमी आणि वेळ भरपूर. त्यामुळे किस्से साठत गेले. निम्म्याहून अधिक आबा वकिलांच्या आर्ग्युमेंटचे!

आबा उभे राहिले की कधी बसतील ते त्यांनाही ठाऊक नसे. कोर्टाच्या रोजच्या कामांच्या बोर्डावर त्यांच्यामागे माझा एकुलता एक दावा होता. मिरजोळ्याच्या भागीरथीबाईंची विहिरीची वाट भाऊबंदांनी दगडी गडगा घालून अडवली होती. बाई लांबून पाणी आणत, तारखेला चालत कोर्टात येत, आणि आबा बोलत राहत. दोन महिने बाईंची साक्ष झाली नव्हती.

आबांचे कारकून नाना. वीस वर्षं टिपणं लिहून लिहून ते आबांचं आर्ग्युमेंट आबांच्या आधी करून दाखवत. शब्द तेच, खाकरणंही तेच. मी म्हटलं, "नाना, सकाळी इथे एकदा पुरं करून बघा. संपलं तर बाईंना थांबवतो, नाहीतर घरी पाठवतो."

नानांनी नवाला सुरुवात केली. अकरा वाजले, कोर्ट भरायची वेळ झाली.

"नाना, संपणार की नाही?"

"संपलं की सांगतो."

"आणि नाहीच संपलं तर?"

"तर सांगायला मी मोकळा कधी होणार?"

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या शिरस्तेदारांनी सुचवलं, "दुप्पट वेगाने बोला की!"

नाना बोलले. अकरापर्यंत आदल्या दिवसाच्या दुप्पट मजकूर झाला आणि नाना "आता मूळ मुद्द्याकडे वळतो" इथवर आले.

*

एके दिवशी नाना मध्येच थांबले. "तेच वाक्य, तोच खोकला, तिसऱ्यांदा! हे गोल फिरतंय. आज काही संपत नाही."

मी बाईंना घरी पाठवलं. कोर्टात आबा तीन फेऱ्या फिरले, चौथीच्या तोंडाशी पाणी प्यायले आणि "एवढंच" म्हणून बसले! लगेच आमचा पुकारा. बाई मिरजोळ्याच्या वाटेवर. एक महिना पुढची तारीख पडली. बाईंना तोंड दाखवायची मला लाज वाटली.

नाना म्हणाले, "पाणी माझ्या नकलेत नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून ते तांब्या घेऊन बसू लागले.

*

मग आबांना सुगावा लागला.

"मी कधी बसायचं ते माझा कारकून ठरवणार?"

तेव्हापासून कोर्टात शिरण्याआधी ते बाररूमच्या दारात येऊन विचारत, "काय नाना, काय निकाल?" नाना "संपणार" म्हणाले की आबा कोर्ट उठेपर्यंत बोलत. "नाही संपणार" म्हणाले की दहा मिनिटांत बसत. नानांची पार रया गेली.

*

बाईंची तारीख आली. त्या सरळ नानांपाशी गेल्या.

"नाना, 'संपनार नाय' असंच सांगा ना वो. म्हंजे बसतील ते."

"खोटं नाही हो सांगणार मी. नकलेत निघेल तेच सांगेन. मात्र आज आबांचं ते दारातलं विचारणंही नकलेत घेतो."

नाना दारात गेले. आबांच्या आवाजात म्हणाले, "काय नाना, काय निकाल?" मग आपल्या जागी येऊन बसले. "थांबा आबा, नक्कल करून बघतो." नक्कल करायला उठले. दारात गेले. "काय नाना, काय निकाल?" परत येऊन बसले. "थांबा आबा, नक्कल करून बघतो." परत उठले.

एवढ्यात खरे आबा आले आणि निकालाची वाट पाहत दारात उभे राहिले.

पट्टेवाला बोलवायला आला. आबा म्हणाले, "पाच मिनिटं. नानांचं ठरायचंय." तीनदा पुकारा झाला. शेवटी जज्जसाहेब म्हणाले, "पुढचं प्रकरण घ्या."

भागीरथीबाईंनी पाव तासात सगळं सांगितलं. गडगा काढायचा हुकूम झाला! मला तर पेढे वाटावेसे वाटले. बाई नानांना सांगायला धावत बाररूमशी आल्या. नाना उठत होते, बसत होते. आबा दारातच.

"अगो बाय! ह्यांचं संपनार कदी वो?"

आबा मान न वळवता म्हणाले, "संपलं की सांगतो."