सरांनी न वाचलेला प्रोजेक्ट

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझी प्रोजेक्टची जोडीदार, माझी मैत्रीण, मुलुंडची होती, मी भांडुपची. किचकट गणितं करणारं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळणारं, कुणालाही त्यात भर घालता येईल असं. ते चालवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रोजेक्टच्या कल्पनांची यादी लावली होती. त्यातली एक आम्ही उचलली. मोजमापांमधले काही आकडे गहाळ असतील, तर ते अंदाजाने भरणारं फंक्शन लिहायचं.

आमचे गाइड सर हसले. "फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कसला प्रोजेक्ट? हजेरीचं ॲप करा. मागच्या वर्षीचं तयार आहे."

आम्ही ऐकलं नाही. चार महिने राबलो. त्या सॉफ्टवेअरची माणसं आमचा कोड तपासून परत पाठवायची. शेवटचाच आकडा गहाळ असला की उत्तर चुकायचं, त्यात पंधरा दिवस गेले. सरांनी एक ओळ वाचली नाही. कोड स्वीकारला गेला तेव्हा मैत्रीण कॅन्टीनमध्ये माझ्या गळ्यात पडून रडली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सर त्यांना म्हणाले, "कल्पना माझी. मुलींकडून करून घेतलं."

माझी कानशिलं तापली. "सर, शेवटचा आकडा गहाळ असेल तर आपलं फंक्शन काय करतं, सांगा ना."

सर आमच्या रिपोर्टची पानं उलटू लागले. मैत्रिणीने टेबलाखाली माझा हात दाबला. मी थांबले नाही. "तुम्ही तर हजेरीचं ॲप करा म्हणाला होतात."

सरांच्या हातातले मार्क दोघींना जेमतेम पास होण्यापुरते मिळाले. मी विभागप्रमुखांकडे तक्रार घेऊन गेले, तर ते म्हणाले, "मोठ्यांशी बोलायची पद्धत असते."

मैत्रीण जिन्यात माझ्यावर ओरडली. "तुला बोलायचं होतं, बोललीस. मला विचारलंस? पुढच्या ॲडमिशनला मला ते मार्क हवेत गं!"

मार्कांची यादी अजून विद्यापीठाला गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एकटी सरांच्या केबिनमध्ये गेली आणि माफी मागून आली. चूक माझी, माफी तिने मागितली. तिचे मार्क वाढले. माझे तेवढेच राहिले.

आता आम्ही फोनवर बोलतो, त्या दिवसाबद्दल सोडून. न विचारता तिला त्यात ओढलं म्हणून मी स्वतःवर चिडते. पण सरांवरचा राग? तो तसूभरही कमी झालेला नाही, आणि व्हावा असंही मला वाटत नाही.