नाकावरची दोन भोकं

जुन्या जर्मन विमानाचा फोटो. एकावर एक दोन पंख, एकच बैठक. खाली छापलंय, ‘टपालाचे विमान, एकमेव नमुना.’ मी वडिलांना ते वाचून दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, पण जन्मभर टपालाच्या थैल्या त्यांनीच वाहिल्या.

"मग थैली ठेवायची कुठं रं? आन् नाकावर ही दोन भोकं कशाला?"

"हवेसाठी असतील."

"असतील म्हंजे? कालेजात हेच शिकलास?"

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला लढाऊ विमानं बांधायला बंदी होती, हे मला, घरातल्या पहिल्या पदवीधराला, पाठ होतं. तरी टपालाच्या नावाखाली लपवलेली बंदुकीची भोकं मला दिसली नाहीत. छापलंय म्हणून आणखी काय काय खरं मानलं असेल मी?

आता कुठलाही फोटो बघताना खालची ओळ आधी तळहातानं झाकतो.